आठ खोटे अलार्म

महिनाभरात आईच्या स्वयंपाकघरातून धुराचा अलार्म आठ वेळा आला, आठही वेळा तिची मधली मुलगी धावत गेली, आणि आठही वेळा तिथे धूर नावालाही नव्हता.

धावत जाणं ही साधी गोष्ट नव्हती. मधली काम करायची तो वसाहतीचा नियंत्रण कक्ष एक नंबरच्या इमारतीत, तळमजल्यावर, कचऱ्याच्या खोलीला लागून. आईचं घर सात नंबरात, नवव्या मजल्यावर. मधे गाड्यांची जागा, एक मोडकं मैदान आणि पाच इमारतींना घातलेला वळसा. लिफ्टला वसाहत चालवणाऱ्या मंडळानं आता सेन्सर बसवले होते. पूर्वी ती दोन मजल्यांच्या मधे अडकायची. आता आपण अडकू शकतो हे तिला आधीच कळायचं, आणि ती तळमजल्यावर दार उघडून स्वस्थ उभी राहायची. मग मधली दुखरा गुडघा घेऊन नऊ मजले चढायची. वर पोचली की दारात आई उभी असायची, आईलाही धाप लागलेली. आत शेगडी थंड, ओटा पुसलेला, खिडकी उघडी. आई म्हणायची, तुमचं यंत्रच खुळं आहे, आलीच आहेस तर चहा घे. मधली चहा न घेता खाली यायची आणि स्क्रीनवरच्या रकान्यात शेरा मारायची: खोटा अलार्म.

पाळीवरच्या सहकाऱ्याला याची इतकी गंमत वाटायला लागली होती की सात नंबरचा लाल दिवा लागला की तो तिला विचारायचा, "माहेरून बोलावणं आलंय, जातेस ना?"

आठव्या अलार्मनंतर यंत्रणेनं आपणहून एक पत्र काढलं. आठ झाले की पत्र काढायचं, असा नियमच होता. रहिवासी एकटे राहण्यास सक्षम आहेत काय, याची कुटुंबानं खातरजमा करून पंधरा दिवसांत कळवावं, असा मजकूर. तो दोन वर्षांपूर्वी मधलीनंच लिहून दिला होता आणि तेव्हा तो तिला फार समंजस वाटला होता. पत्र गेलं थोरल्या भावाकडे, कारण आईच्या अर्जावर त्याचं नाव पहिलं होतं.

दादा बस आगारात वेळनियंत्रक. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर ड्रायव्हरला खिडकीत बोलावून घेणारा माणूस. त्यानं पत्र वाचलं, दोघा भावंडांना फोन लावला आणि रविवारी साडेदहाला आईकडे सगळ्यांनी जमायचं असं ठरवून टाकलं. साडेदहा म्हणजे साडेदहा.

*

साडेदहाला सगळे खरंच जमले. दादा आणि वहिनी, मधली, आणि धाकटा, ज्याला घरात आणि बाजारात सगळे किल्ल्या म्हणत, कारण त्याचं कुलपांचं दुकान होतं. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चारच खुर्च्या, म्हणून किल्ल्या ओट्याला टेकून उभा राहिला. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, बस येण्याची वाट बघत बसल्यासारखी.

दादानं पत्र टेबलावर ठेवलं, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. आई विसरायला लागली आहे. शेगडी चालू राहते, धूर होतो, मग घाईघाईनं खिडकी उघडून ती सगळं आवरते आणि कबूल करत नाही. शिवाय दुपारी दोन ते पाच घरात काही हालचाल नसते, तेही त्या यंत्रात दिसतं. म्हणजे एक तर ती झोपते किंवा ग्लानीत असते. तेव्हा आता एकटं राहणं पुरे. तिनं त्याच्याकडे यावं. वहिनी रुग्णालयात सिस्टर आहे, आई घरातच तिच्या डोळ्यांसमोर राहील, प्रश्न मिटला.

इथे येईपर्यंत वहिनी पूर्णपणे दादाच्या बाजूची होती. वाटेत तिनंच त्याला स्मरणशक्तीच्या तपासणीबद्दल सांगितलं होतं. पण सासूबाईंची खाट मुलीच्या खोलीत टाकायची आणि मुलीनं दिवाणखान्यात झोपायचं, हे दादानं आत्ता, सगळ्यांसमोर, तिला पहिल्यांदा सांगितलं. वहिनीनं पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली की नुसत्या अलार्मवरून असं काही ठरवता येत नाही, यंत्रंही चुकतात.

किल्ल्याला एवढंच हवं होतं. मंडळानं दारांना आकडे दाबायची कुलपं बसवायला घेतल्यापासून त्याचा असल्या सगळ्या गोष्टींवर राग होता. तो म्हणाला की यंत्र भिकार आहे, बॅटरी संपली की ओरडतं आणि कोळी चालला तरी ओरडतं. आईला काही झालेलं नाही, झालंय ते मंडळाला. मग दादा आणि किल्ल्या दोघांनीही मधलीकडे पाहिलं. एकाच्या लेखी तिनं आठ वेळा धोका बघून झाकून टाकला होता, दुसऱ्याच्या लेखी तिनं आईच्या डोक्यावर एक भिकार डबी आणून चिकटवली होती.

सेन्सर चांगले होते. गेल्या हिवाळ्यात चार नंबरातली गॅसची गळती त्यांनीच पकडली होती, अकरा नंबरातला पंप जळण्याआधी बंद झाला होता तो त्यांच्यामुळेच. वसाहतीतल्या नऊशे घरांमधे ते मुकाट काम करत होते. नालायकपणा करायला त्यांना तिच्याच आईचं घर सापडलं होतं. तिनं हे सगळं सांगितलं, आणि सांगताना आपला आवाज साहेबांसमोर खुलासा देतानासारखा निघतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"मग तूच सांग," दादा म्हणाला. "यंत्र बरोबर की आई बरोबर?"

हेच तर मधलीला महिनाभर कळत नव्हतं.

या नोकरीत ती आली त्याला कारण होतं, आणि ते या टेबलाभोवती कुणी काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी याच घरात बाबा न्हाणीघरात पडले. आतून कडी. आई बाजारात गेली होती, तिथून दवाखान्यात, तिथे रांग. चार तास बाबा तसेच पडून होते. समोरच्या घरात त्यांची मोठी बहीण राहायची. आत्याला धप्पकन आवाज ऐकू आला होता, पण वरच्या मजल्यावर भिंत फोडायचं काम चाललं होतं, तिला वाटलं तेच. रुग्णालयात, बाबांना नेल्यावर, आत्या सगळ्यांदेखत आईला म्हणाली की तू वेळेवर घरी असतीस तर माझा भाऊ वाचला असता. आई म्हणाली, आणि तुम्ही वेळेवर दार ठोठावलं असतंत तर. त्यानंतर नणंद-भावजयीची दारं समोरासमोर असून बंद झाली. मुलांनी आईची बाजू घेतली. दादानं तर नियमच करून टाकला होता: त्या दाराकडे बघायचं नाही. मंडळाची माणसं सेन्सर बसवायला आली तेव्हा आत्यानं सही द्यायला नकार दिला आणि दार लावून घेतलं. नवव्या मजल्यावर सेन्सर नसलेलं ते एकच घर. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात, आठवड्यातून एकदा फोन करायचा.

सव्वाअकराला आई उठली. कचरा टाकून येते म्हणाली. दादानं कचऱ्याची पिशवी तिच्या हातून काढून दाराजवळ ठेवली, मी जाताना टाकतो म्हणाला. थोड्या वेळानं ती पुन्हा उठली, शेजारी एक वाटी परत करायची होती. वहिनीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, वाटी कुठे पळून जात नाही म्हणाली. घड्याळात अकरा पस्तीस झाले तेव्हा आई तिसऱ्यांदा उठली. आता तिनं कारणसुद्धा दिलं नाही.

"आई, बस," दादा म्हणाला. "तुझ्याबद्दलच चाललंय ना?"

आई बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बरं," ती म्हणाली. "विसरते मी. शेगडी माझ्याच हातून राहते. तुम्ही सांगाल ती तपासणी करते, म्हणाल तिथे राहायला येते. झालं? आता जाऊ?"

दादाचा चेहरा मोकळा झाला. मधलीचा मात्र उतरला. या बाईनं पडद्याच्या रंगावरून सुद्धा कधी माघार घेतली नव्हती. बाबांशी तिचं एका आरशाच्या जागेवरून सहा वर्षं भांडण चाललं होतं. आणि आज घर सोडायला ती इतक्या पटकन तयार झाली, जणू दुकानातून पिशवी उचलून निघायचंय.

किल्ल्याचं लक्ष एव्हाना छताकडे गेलं होतं. त्यानं विचारलं, हा सेन्सर जिवंत असतो तेव्हा हिरवा दिवा लुकलुकतो ना? मधली म्हणाली, दर मिनिटाला. तो म्हणाला, मी तासभर बघतोय, एकदाही लुकलुकला नाही. त्यानं स्टूल ओढलं. आई म्हणाली, स्टूल डगमगतं, चढू नकोस. तो चढला, छताला चिकटलेली पांढरी गोल वस्तू त्यानं बोटांनी फिरवली, ती निघाली, आणि त्यानं ती खाली टेबलावर ठेवली.

ते बिस्किटांच्या बरणीचं झाकण होतं. आतल्या बाजूला दुहेरी चिकटपट्टी.

वहिनीनं झाकण उचलून वास घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"सेन्सर कुठाय?" मधलीनं विचारलं.

"आहे जागेवर."

"कुठल्या जागेवर, आई?"

आईनं घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी दारातला अलार्मचा छोटा भोंगा वाजला, पाठोपाठ मधलीच्या हातातला फोन. सुट्टीच्या दिवशीही सात नंबरचे अलार्म तिच्या फोनवर येत. स्क्रीनवर नेहमीचीच ओळ होती: इमारत सात, नववा मजला, आईच्या घराचा क्रमांक, स्वयंपाकघर, धूर.

पाचही जणांनी शेगडीकडे पाहिलं. शेगडी थंड होती. त्यांनी पुन्हा वर पाहिलं तेव्हा चारच जण होते. आई दाराबाहेर पडली होती.

*

ती समोरच्या दाराशी होती. कमरेला खोचलेली किल्ली तिनं कुलपात घातली, फिरवली, कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून कडी होती.

"तुमचे आवाज ऐकून लावली असणार," आई म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. दाराच्या खालच्या फटीतून करड्या धुराची एक पातळ जीभ बाहेर येत होती.

दादा आणि किल्ल्यानं दाराला खांदे लावले. दार मंडळानं दोन वर्षांपूर्वी बदललेलं, आगरोधक, आत लोखंडी पत्रा. एरवी मधली पाहुण्यांना असलं दार वाजवून दाखवायची. ते हललंसुद्धा नाही. किल्ल्या म्हणाला, कुलूप असतं तर अर्ध्या मिनिटात काढलं असतं, आतल्या कडीला बाहेरून काय करू? आतून खोकल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा.

मधलीनं नियंत्रण कक्षाला खरी आग म्हणून कळवलं आणि अग्निशमन दलाला बोलवायला सांगितलं. सहकाऱ्यानं दोनदा विचारलं, खरी? ती जिन्याजवळचं लाल नळकांडं आणायला पळाली. परत आली तेव्हा दादा दारावर मुठी आपटत ओरडत होता.

"आत्या, उजवीकडे! उजवीकडे वळ, दाराशी ये!"

अकरा वर्षांत तो तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता, आणि तो चुकीचा होता.

"गप्प बस," आई म्हणाली. "ते घर उलटं आहे. सगळे गप्प बसा, तिला ऐकू येऊ दे."

तिनं दाराच्या फटीला तोंड लावलं. आवाज चढवला नाही. रोज सांगत असल्यासारखी ती सांगत गेली. "वन्सं, मी आहे. खाली वाका. ओट्याचा कोपरा हाताला लागतोय का? लागला की पुढे. आता चौकट. चौकट ओलांडली की डावीकडे वळा. डावीकडे, वन्सं. डावा हात भिंतीला लावा आणि सोडू नका. पाच पावलं. मोजा, मला ऐकू येऊ दे."

आतून आत्याचा घोगरा आवाज आला. एक. दोन. मग खोकला. इतका लांबला की वहिनीनं दादाच्या बाहीची मूठ आवळली. मग तीन.

"आता चपलांचं कपाट लागेल. त्याच्यावर हात ठेवून पुढे या. कडी तुमच्या खांद्याच्या उंचीवर आहे. घाई नको. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

कडीवर बोटं चाचपडल्याचा आवाज आला. एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. मग कडी निघाली.

आत्या बाहेर आली ती सरळ आईच्या अंगावर. वहिनीनं दोघींना तिथेच जमिनीवर बसवलं, आत्याची मान मागे घेतली, नाडी धरली. मधली तोंडाला ओला टॉवेल लावून आत गेली. शेगडीवर दुधाचं भांडं जळून काळं झालं होतं, शेजारी लटकणारं पुसणं पेटलं होतं, आणि त्याची आग वरच्या लाकडी फळीला लागत होती. नळकांड्याची पिन कशी ओढायची हे तिनं वसाहतीतल्या शेकडो लोकांना शिकवलं होतं. स्वतःच्या हातून ती तिसऱ्या झटक्याला निघाली. मग पांढरा फवारा सुटला, फळी विझली, गॅसची कळ बंद झाली, खिडकी उघडली. सगळं मिळून मिनिटभर.

धूर पातळ झाल्यावर तिनं वर पाहिलं. छताला, शेगडीपासून बरोबर अंतरावर, खिडकीच्या वाऱ्यापासून दूर, आईचा सेन्सर होता. चिकटपट्टीच्या चार फुल्या मारून घट्ट बसवलेला, लाल दिवा लुकलुकत असलेला. माहितीपत्रकात सांगितलं होतं अगदी तसा. ते माहितीपत्रकही मधलीनंच लिहिलं होतं, आणि ते वाचून कुणी काही केल्याचं तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

*

अग्निशमन दल येऊन, बघून, फळी उपटून गेलं. आत्याच्या घरात फवाऱ्याची पूड बसली होती, म्हणून सगळे पुन्हा आईच्या टेबलाशी आले. वहिनीनं आत्याला तपासून सांगितलं की छाती साफ आहे, तरी संध्याकाळी दवाखान्यात दाखवायचं. आता किल्ल्याबरोबर दादाही ओट्याला टेकून उभा होता, कारण त्याच्या खुर्चीवर आत्या बसली होती.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आत्याची नजर दोन वर्षांपासून जात होती. मधलं सगळं गेलं होतं, कडा तेवढ्या दिसत. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता परत यायचं नाही. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं की मंडळ तिला म्हाताऱ्यांसाठीच्या देखभाल इमारतीत, तळमजल्यावर हलवणार, आणि तिचा मुलगा फोनवरूनच हो म्हणणार. सेन्सर घरात आला तर पहिल्या आठवड्यात बिंग फुटलं असतं.

आईला ते कळलं दाराच्या भिंगातून. दीड वर्षापूर्वी एके दिवशी आत्या स्वतःच्या दारात उभी राहून किल्ली भोकात घालायचा प्रयत्न करत होती. आईनं आतून दहा मिनिटं पाहिलं. मग बाहेर जाऊन तिच्या हातून किल्ली घेतली, दार उघडून दिलं आणि एक अक्षर न बोलता परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, चहा टाकते. तेव्हापासून दुपारी दोन ते पाच आई समोर असायची. पाकिटांवरची अक्षरं वाचून दाखवायची, औषधं लावायची, दोघी रेडिओ ऐकायच्या. आणि रोज साडेअकराला जाऊन दूध तापवून द्यायची, कारण दूध उतू जाताना आत्याला दिसत नसे. आज साडेअकराला आईला कुणी उठू दिलं नव्हतं.

"म्हणजे आठही वेळा," मधली म्हणाली.

"आठही वेळा धूर होता. मी नसताना या काहीतरी तापवायला जायच्या. तुला कळण्याआधी माझ्या दारातला तो भोंगा वाजायचा. मी जाऊन बंद करून, खिडक्या उघडून, तू चढून येईपर्यंत परत यायचे." आईचा आवाज जरा तक्रारीचा झाला. "तू फार लवकर यायचीस."

"आणि छतावर कोण चढलं?"

"मीच, महिन्यापूर्वी. स्टूल वन्संनी धरलं होतं."

डोळ्यांनी दिसत नसलेली शहात्तर वर्षांची बाई डगमगतं स्टूल धरून उभी आहे आणि त्यावर एकाहत्तर वर्षांची बाई हात वर करून चिकटपट्टी लावते आहे, आणि हे सगळं सुरक्षिततेसाठी. मधलीला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. ती तिथेच जमिनीवर बसली.

दादा कितीतरी वेळ आत्याकडे बघत होता. ती त्याच्या कानाकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, "अकरा वर्षं मी त्या दारासमोरून मान फिरवून गेलो."

"तुला कुणी सांगितलं होतं?" आई म्हणाली.

"तूच तर बोलत नव्हतीस त्यांच्याशी."

"माझं भांडण होतं ते. तुला वापरायला दिलं नव्हतं."

किल्ल्या खिडकीबाहेर बघायला लागला. वहिनीनं उठून चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात नियंत्रण कक्षातून फोन आला. सहकाऱ्याला नोंद बंद करायची होती. दल येऊन गेलं, नुकसान किरकोळ, पण यंत्रात घर आईचं दिसतंय आणि दल म्हणतं आग समोरच्या घरात. गोंधळ नको, किरकोळ म्हणून मिटवून टाकू का?

आईनं मधलीच्या मनगटावर हात ठेवला. "मिटव," ती हळूच म्हणाली. "नाहीतर यांना खाली हलवतील. मी आहे ना इथे. आज तुम्ही अडवलंत म्हणून पेटलं, एरवी मी धुरावरच निभावते."

हे जवळजवळ खरं होतं. मधलीनं आईकडे पाहिलं, आपल्या मनगटावरच्या तिच्या, चिकटपट्टीनं सोललेल्या बोटांकडे पाहिलं. उद्या आईच बाजारात अडकली, आईच पडली, तर या दोन दारांमागचं कुणाला काय कळणार होतं? बाबा चार तास पडून होते तेव्हा त्याची नोंद जगात कुठेही नव्हती. कुणी खोटी नोंद केली होती असं नाही, ती मुळात नव्हतीच.

"नाही," ती फोनवर म्हणाली. "आग समोरच्या घरात होती. सेन्सर तिथे होता, परवानगी न घेता लावलेला. तसं लिही. आणि मागचे आठ अलार्म उघड. शेरा बदल. आठही खरे होते. कोणी बदललं म्हणून विचारलं तर माझं नाव घाल."

आईनं हात काढून घेतला.

त्या नोंदीचं पुढे जे व्हायचं ते झालं. साहेबांनी मधलीकडून तीन पानी खुलासा घेतला, आणि आठ वेळा शेजारचं दार का वाजवलं नाही या प्रश्नापुढे तिनं "सुचलं नाही" एवढंच लिहिलं. देखभाल इमारतीची माणसं दोनदा येऊन गेली. दादानं सुट्टी काढून मंडळाच्या कार्यालयात सलग चार दिवस बाकावर बसून काढले आणि तिथल्या घड्याळाच्या मागेपुढे असण्यावरून कारकुनाशी भांडण केलं. शेवटी आत्याच्या शेगडीला धूर होताच गॅस बंद करणारी कळ बसली आणि ती नवव्या मजल्यावरच राहिली. पण हे सगळं नंतर. त्या रविवारी काहीच ठरलेलं नव्हतं, आई मुलीशी बोलत नव्हती, आणि मधलीच्या पिशवीत एक कोरा अर्ज होता, जो ती नेहमीच बाळगायची.

तिनं तो आत्यासमोर ठेवला आणि काही न लपवता सांगितलं. सही केली तर घरात सेन्सर येतील, नजरेचं सगळ्यांना कळेल, हलवायचा प्रयत्न होईल आणि आपण तो थांबवायचा प्रयत्न करू. थांबेलच असं नाही. सही नाही केली तर ती जबरदस्ती करणार नाही, पण आईचा सेन्सर आज परत आईच्या छतावर जाईल.

आत्यानं चहा संपवला. "वाच," ती म्हणाली.

मधलीनं पहिल्या ओळीपासून वाचलं. किल्ल्यालाही गप्प बसून ऐकावं लागलं. पानाच्या शेवटी रकाना होता: धोका उद्भवल्यास प्रथम कोणाला कळवावे. आत्याचा मुलगा लिहू का, असं मधलीनं विचारलं. आत्या म्हणाली, तो फोन उचलेपर्यंत माझा कोळसा होईल, हिचं लिही. मधलीनं आईचं नाव लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा. त्यात छापील चार चौकोन होते, मुलगा, मुलगी, जोडीदार आणि इतर. मधलीनं चौथ्यात खूण केली.

त्या फोननंतर आई पहिल्यांदा पुढे वाकली. चष्मा लावून तिनं कागद स्वतःकडे ओढला.

"इतर?" ती म्हणाली.

"आई, त्यात भावजय हा चौकोन नाही."

"दीड वर्षं मी यांचं दूध तापवतेय. मी इतर?"

"मी नाही छापलेलं ते."

"तुझंच असतं सगळं छापलेलं."

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

आईनं पेन घेतलं. चौथा चौकोन तिनं इतका जोर लावून खोडला की कागद फाटता फाटता राहिला, आणि समासात काहीतरी लिहिलं. मग आत्याचा हात धरून पेन तिच्या बोटांत दिलं आणि टोक ओळीवर टेकवलं. आत्यानं सही केली. पहिली अक्षरं ओळीवर बसली, पुढची तिरकी होत कागदाबाहेर, टेबलावर उतरली.

"बरोबर आली का?" आत्यानं विचारलं.

"आली," आई म्हणाली.

मधलीनं अर्ज उचलला. समासात आईच्या टोकदार, रागीट अक्षरात लिहिलं होतं: समोरच राहते, हाक मारली की येते.